मोफत कॅन्सर तपासणी शिबिर: आम्ही चौदा पापडवाल्या जाऊन आलो

ज्या आरोग्य केंद्रात हे शिबिर झालं त्याचं नाव लिहिणार नाही. अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की आजूबाजूला जी गावं लागतात, त्यातलं एक समजा. तिथल्या सिस्टरांशी माझं काम पुन्हा पडणार आहे, आणि मला चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय.

मी उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि कुरडया करून विकते. माघ सरला की वैशाखापर्यंत अंगणात खाटाच खाटा असतात. सीझनला मला धरून आम्ही चौदा बाया. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई एरवी चहाला थांबतात, त्या यंदा फॉर्म घेऊन आल्या. वय किती, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. खाली आणखी प्रश्न: पाळी नसताना अंगावर जातं का, छातीला गाठ लागते का. त्याचे गुण मांडायचे आणि चारच्या वर गेली ती बाई तपासणीला आधी घ्यायची. कमर मोजायला टेप माझ्याच शिलाई मशीनवरची. चौदापैकी नऊ जणी चारच्या वर निघाल्या, आणि कमरेच्या घेरावरून जो हशा झाला त्यात अर्धा तास गेला.

मंगळवारी शिबिर आहे, त्या म्हणाल्या. तोंड, छाती आणि गर्भपिशवीचं तोंड, तिन्हीची तपासणी, पैसे नाहीत, ३० ते ६५ वयाच्या सगळ्या चला. लगेच मागून आवाज आला, "माले काहीच व्हयेल नही, मंग कसाले जाऊ?"

प्रश्न काही वेडा नव्हता. दुखल्याशिवाय दवाखान्यात जायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवलंय? मी तिला म्हटलं, डाळीतले खडे तू दळायला देण्याआधी बघतेस की पापड दाताखाली आल्यावर? ती उठली आणि साडी बदलायला गेली. तरी तिघी आल्या नाहीतच. एकीची पाळी होती, आणि पाळीत ही तपासणी करतच नाहीत. दोघी टेबलावर झोपायचं म्हटल्यावर मागे फिरल्या.

पहिली तक्रार तारखेची. ऐन फाल्गुनात, उन्हं चांगली पडलेली असताना शिबिर ठेवलं. अकरा बाया दिवसभर बाहेर म्हणजे किती किलो लाट्या तशाच राहिल्या ते ज्याचा धंदा त्यालाच कळतं. हेच श्रावणात ठेवलं असतं तर आम्ही डबे घेऊन गेलो असतो. दुसरी तक्रार वेळेची. बोलावलं नऊला, तालुक्याहून यायच्या मॅडम पोचल्या पावणेएकला. बसायला एक बाकडं आणि बाया साठ-सत्तर. आम्ही निंबाखाली दोन जुनी लुगडी अंथरली. त्यातलं एक नंतर तपासणीच्या खोलीत बांधावं लागलं, कारण खिडकीला पडदाच नव्हता आणि बाहेर मोटारसायकली लावायची जागा. हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? ज्या खोलीत बाईला टेबलावर झोपवायचं, तिथे पडदा आधी आणि बाटल्या नंतर.

आता चांगलं. तोंडाची तपासणी झकास. सिस्टरांनी बॅटरी धरून जीभ बाहेर, जीभ वर, डावा गाल, उजवा गाल असं सगळं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. आमच्यातल्या एका तरुण पोरीची दोनच गेली. ती सुपारी चघळते, तोंड आखडत चाललंय, आणि तिला वाटत होतं दाढेमुळे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात. आमच्या स्टँडवरच्या टपरीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आमच्यातली सगळ्यात थोरली, जिला सगळ्या जिजी म्हणतात, तिच्या डाव्या गालात पांढरा चट्टा निघाला. तीस वर्षं ती तिथेच तंबाखूची चिमूट धरते. सिस्टरांनी तिला आरशात दाखवला. आजच कॅन्सर आहे असं नाही, पण तंबाखू सोडा आणि महिन्याने परत या, हे समजावून सांगितलं. ह्या कामाला फक्त बॅटरी आणि बघायची सवय लागते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ असंच नुसतं बघून तपासण्याचा मोठा अभ्यास झाला होता. २००५ साली आलेल्या त्याच्या निकालात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या माणसांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. हे मला मुलीने सांगितलं. ती धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाली जे अभ्यासाचं लिहिलंय ते तिने वाचून दाखवलेलं, मी फक्त प्रश्न विचारले.

छातीची तपासणी सरळ झाली. बोटांच्या पेरांनी गोल गोल, काखेपर्यंत. आमच्यात कुणाला काही निघालं नाही, म्हणून पुढे जाते.

पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला आमच्या बाया "पापड टेस्ट" म्हणत होत्या. कुणीतरी "पॅप टेस्ट" म्हणालं असणार, बाकीचं आम्ही केलं. खरं तर आमची झाली ती पॅप नव्हेच. पॅप टेस्ट पापानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरची. मूळचा ग्रीसचा, काम न्यूयॉर्कला. पिशवीच्या तोंडाजवळचा स्राव काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि बिघडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायच्या. १९४३ च्या त्याच्या पुस्तकानंतर ती पद्धत रुजली. मला त्याची बायको लक्षात राहिली. तिने नवऱ्याच्या अभ्यासासाठी कितीतरी वर्षं स्वतःचाच नमुना दिला. आमच्या घरच्यांनी असं काही मागितलं असतं तर मी आधी लाटणं शोधलं असतं. ह्या पद्धतीची अडचण अशी की काच शहरात जाते, तिथे वाचणारं तयार माणूस लागतं, आणि निकाल येईपर्यंत बाई पुन्हा शेतात गेलेली असते.

आमच्यावर केली ती व्हिनेगरची चाचणी. सिस्टरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि मला भाच्याची चायनीजची गाडीच आठवली, तोच आंबूस वास. ३ ते ५ टक्क्यांचं ते पातळ आम्ल. आधी बदकाच्या चोचीसारखं साधन आत घालून उघडतात. दुखतं म्हणण्यापेक्षा ताण बसतो, आणि लोखंड गार असतं त्याचाच दचका मोठा. मग कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावायचं आणि घड्याळ बघत एक मिनिट थांबायचं. थोडं चुणचुणतं. बिघडलेल्या पेशींचं केंद्रक मोठं आणि त्यात प्रथिनं जास्त असतात. आम्लाने ती दुधासारखी फाटतात, आणि तेवढी जागा थोडा वेळ पांढरीधोप दिसते. लॅब लागत नाही, वीज लागत नाही, निकाल जागेवर.

सिस्टर घाईत नव्हत्या. काय करते आहे ते प्रत्येकीला आधी सांगत होत्या, आणि "श्वास सोडा ताई" हे त्या अकराव्या बाईलाही पहिलीइतक्याच शांतपणे म्हणाल्या. त्याहून मला पटलं ते जिजीच्या वेळी. तिचं वय ६१. त्या वयात तपासायची जागा आत सरकलेली असते आणि नजरेला पडत नाही. सिस्टरांनी सरळ "नीट दिसलं नाही" लिहिलं आणि तसं सांगितलं. "निगेटिव्ह" लिहून मोकळं होता आलं असतं.

माझ्या वेळी सिस्टर थांबल्या. मॅडमना बोलावलं, त्यांनी वाकून पाहिलं, दोघी हळू आवाजात बोलल्या. आत कुणी मला काही सांगितलं नाही. बाहेर आले तर रजिस्टर लिहिणारा मुलगा अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "वहिनी, तुमचं पॉझिटिव्ह आलंय, रेफर!"

आम्ही गावात पोचायच्या आधी माझा कॅन्सर गावात पोचला होता. सासूबाईंची चुलत जाऊ रात्री रडत आली. एका ठरलेल्या गिऱ्हाइकाने पाच किलोची ऑर्डर "सध्या राहू द्या" म्हणून थांबवली. नवरा त्या रात्री एक शब्द बोलला नाही, आणि पहाटे उठून त्याने एकट्यानेच उडीद कुटायला घेतला. ह्या एका वाक्याबद्दल त्या शिबिराचे मी अर्धे गुण कापते.

पॉझिटिव्हचा अर्थ तो नसतो. मुलीच्या पुस्तकात ह्या प्रकाराला चाळणी चाचणी म्हटलंय, आणि ते वाचल्यावर मला दुसऱ्या कुणी समजावायची गरज उरली नाही. पिठाची चाळण भोकं बारीक असलेली घेतली तर कोंड्याबरोबर चांगला रवाही वर अडकतो. मोठ्या भोकांची घेतली तर कोंडा पिठात उतरतो. म्हणून वर अडकलं ते सगळं कोंडा म्हणून फेकायचं नसतं, हाताने बघायचं असतं. व्हिनेगरची चाळण बारीक भोकांची आहे. साधी सूज असली, जंतू असले तरी ती जागा पांढरी करते. त्या मुलाला एवढंच शिकवायला हवं होतं: "वहिनी, एक तपासणी अजून करायची आहे, आत या."

मग मी मुलीला विचारलं, असल्या चाळणीचा उपयोग होतो हे कुणी तपासलंय का? तिने दोन अभ्यास काढले. दोन्ही महाराष्ट्रातले, आणि दोन्हीत बाया आपल्यासारख्याच.

पहिला तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असं तिघांनी मिळून केला. डॉ. शंकरनारायणन हे त्यातलं मोठं नाव. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया घेतल्या आणि गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत व्हिनेगर, काहींत पॅप, काहींत ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्हीची तपासणी, आणि काहींत नेहमीसारखंच, तपासणी काही नाही. २००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ह्या कॅन्सरने ३४ बाया गेल्या, काहीच न केलेल्या गटात ६४. आणि व्हिनेगर? एकदाच केलेल्या व्हिनेगर किंवा पॅपने मृत्यूंत म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही.

हे ऐकून मी तिला म्हटलं, मग आमच्या अंगाला वास कशाला लावला? तेव्हा तिने दुसरा काढला. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख बायांवर केलेला. तिथेही व्हिनेगरच, पण दर दोन वर्षांनी, चार वेळा. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. वस्तीतल्याच दहावी शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवून तयार केलं होतं. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. छातीची तपासणीही त्याच बाया हाताने करत होत्या. त्याचा वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, त्याखालच्या वयात मात्र फरक दिसला नाही.

दहावी आणि चार आठवडे. माझ्या चौदांतल्या पाच जणी दहावी पास आहेत, हे मी आशाताईंना ऐकवलं.

एक गोष्ट मात्र मला पचली नाही. दोन्ही अभ्यासांत ज्या गटात तपासणी केली नाही, त्या बायांना नुसती माहिती दिली होती. म्हणजे लक्षणं काय, दवाखान्यात कधी जावं, एवढंच. त्यावरून पुढे मोठा वाद झाला, बाहेरच्या डॉक्टरांनीही आक्षेप घेतले. मुलगी म्हणते, तुलना केल्याशिवाय उपयोग सिद्ध कसा होणार? तिचं बरोबर असेल. मला त्या ६४ जणी दिसतात. त्यांतली एखादी बिबडे करत असेल.

तर चाळण एकदा फिरवून काम होत नाही, पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. आपल्याकडे सरकारी नियम पाच वर्षांनी एकदाचा आहे. आणि तेही होतंय कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांमध्ये ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत. त्या हिशेबाने आम्ही अकरा जणी मोठ्या नशिबाच्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्हीच्याच तपासणीला पहिली पसंती दिली आहे, ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी. हा विषाणू आणि हा कॅन्सर यांचं नातं शोधणाऱ्या जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्या तपासणीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन, घेता येतो. टेबल नाही, चोच नाही, खिडकीचा पडदा नाही. आमच्या परत फिरलेल्या दोघी तेवढ्यावर नक्की आल्या असत्या. खाजगी लॅबला मुलीने दर विचारला, तर त्यात माझी उडदाच्या डाळीची अर्धी गोणी येते. शिबिरात ही तपासणी नव्हती.

आता खरी रडकथा. हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर "रेफर" आणि एक सही. कुठल्या खोलीत, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं, काही नाही. "फोन येईल" म्हणाले. एकोणीस दिवस वाट पाहिली. मग मीच एसटीत बसले. मोठ्या गावच्या त्या दवाखान्यात पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला दुर्बिणीने तपासलं, त्यांनी कोल्पोस्कोप म्हटलं. हे साधन जर्मनीत १९२५ साली निघालेलं, म्हणजे शंभर वर्षांचं, आणि आमच्या तालुक्याला अजून आलेलं नाही. आयोडीनही लावलं. शाळेत बटाट्यावर टाकायचो तसंच: निरोगी जागा गडद तपकिरी होते, संशयाची पिवळी राहते. माझ्या पिवळ्या राहिलेल्या जागेतून कणभर तुकडा काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी बसवून घेतलं, कागदावर चित्र काढलं आणि मग तपासलं. तिसऱ्या खेपेला निकाल: सूज आहे, कॅन्सर नाही. गोळ्या दिल्या, वर्षाने परत यायला सांगितलं. माझा चांगलाच रवा चाळणीत अडकला होता. पाच किलोवालं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.

आमच्यातली आणखी एक पॉझिटिव्ह होती, वय ३६. तिला मी विचारलं, तर म्हणे फोन आलाच नाही. नंतर कळलं, रजिस्टरात तिचा म्हणून नवऱ्याचा नंबर, आणि नवरा सुरतला कापडाच्या मिलमध्ये. त्याला एकदा फोन गेला होता, त्याला वाटलं कुठली तरी कंपनी, त्याने कापला. संपलं. दुसऱ्या खेपेला मी तिला ओढत सोबत नेलं. "तू सांगी दिधं म्हनीसन उनू," वाटभर तेवढंच बोलली. तिच्या तुकड्यात कॅन्सर नव्हता, पण कॅन्सरच्या आधीची पायरी होती. पुढच्या फेरीला टेबलावर तिथल्या तिथे एक गरम टोक लावून तेवढी जागा जाळली. वीस-तीस सेकंद. भूल नाही, भरती नाही, पैसे नाहीत. त्याच संध्याकाळी ती दोन तास पापड लाटायला बसली, मी नको म्हणत असताना.

मुलगी विचारते, पाचपैकी किती? तपासणीला साडेचार द्यायला हरकत नाही. सिस्टरांना पाच. पुढच्या पाठपुराव्याला एक, तोही त्या डॉक्टरीणबाईंमुळे. बेरीज तुम्ही करा.

जाणार असाल तर सैल साडी किंवा गाऊन घालून जा, ड्रेस असेल तर अडचण होते. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. आधार कार्ड न्या, एक धुवट लुगडं न्या, आणि रजिस्टरात स्वतःचा नंबर लिहून घ्या. स्वतःचा फोन नसेल तर शेजारणीचा द्या, परगावी असलेल्या नवऱ्याचा नको. चिठ्ठी मिळाली तर कुणाला, कुठे आणि कोणत्या वारी भेटायचं ते लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

जिजी महिन्याने दाखवायला गेली का, म्हणून परवा विचारलं. म्हणाली, "त्यासनी डावा गाल सांगा व्हता, मी आते उजवामा ठेवस."

पुढचं शिबिर पापडाचा सीझन सोडून ठेवा, असं आशाताईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, तारीख वरून येते.